पिवडी, गेरू, सफेदा

गेल्या एप्रिलमध्ये उत्तनची एक मुलगी लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला माझ्या भाईंदरच्या घरी आली. पर्समधून तिनं जड काचेची एक बाटली काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवली. भाऊ जहाजावर असतो, त्यानं खास बहिणीसाठी दुबईच्या विमानतळावरून फाउंडेशन आणलं होतं. 30 मिली, आपल्या पैशांत साडेपाच हजार. ‘मावशी, लग्नात हेच लावा हां,’ ती म्हणाली. मी झाकण उघडून थेंबभर तिच्या जबड्याच्या कडेला लावला आणि तिला गॅलरीत उभी केली. रंग तिच्यापेक्षा दोन शेड उजळ होता. भावानं फोटो दाखवून घेतला होता, आणि विमानतळावरच्या विक्रेत्यानं फोटोतला चेहरा पाहून दिला होता.

तिला काय सांगायचं ते मला लगेच सुचलं नाही. मग सवयीनं मी बाटलीचा खोका उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीत चार आकडे होते: 77891, 77492, 77491, 77499. आपल्या नाक्यावरच्या दुकानात पावणेपाचशेला मिळणाऱ्या बाटलीवरही हेच चार आकडे असतात. पहिला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा. पुढचे तीन लोखंडाचे ऑक्साइड, पिवळा, लाल आणि काळा. जगातल्या जवळजवळ प्रत्येक फाउंडेशनची शेड या चार रंगांच्या कमी-जास्त प्रमाणातून होते. माझ्या बाबांनी हे आकडे कधी पाहिले नव्हते, पण पिवडीला आणि गेरूला रंग येतो तो लोखंडामुळेच. त्यांच्या रंगाच्या पेटीत पिवडी होती, गेरू होता, पांढऱ्यासाठी सफेदा होता आणि काळ्यासाठी काजळी. साडेपाच हजारांच्या बाटलीत काय आहे, असं मला कुणी विचारलं की मी त्या पेटीपासून सुरुवात करते.

बाबा गिरगावात नाटकाच्या रंगपटात मदतनीस होते. आधी नुसते आरसे पुसायचे, स्पंज धुवायचे, मग हळूहळू सैनिक, दासी, भालदार यांचे चेहरे त्यांच्या वाट्याला आले. गिरगावची खोली सोडून आम्ही 1986 साली भाईंदरला आलो, तेव्हा इथं नगरपालिका होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. टेम्पोत सामान फार नव्हतं. पण पत्र्याची ती पेटी बाबांनी टेम्पोत ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन ते लोकलनं आले. आत खण होते. एका खणात सफेद्याची पुडी, दुसऱ्यात पिवडी, तिसऱ्यात गेरू, खोबरेलाची बाटली, हिंगुळाची रिकामी डबी, आणि अगदी खाली कागदात गुंडाळलेल्या दोन कांड्या. त्या त्यांना त्यांच्या गुरूंनी दिल्या होत्या. बाबा त्या वापरत नसत, दाखवत असत.

या पेटीतल्या एकेका खणाला त्या त्या काळच्या उजेडाची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा रात्रीच्या खेळाला उजेड होता तो तेलाचा, हलणारा, पिवळा. त्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाक-डोळे दिसायचे तर चेहऱ्यावर रंग जाड हवा. खोबरेलात कालवलेला सफेदा त्यासाठीच. जुना सफेदा शिशाचा असे, लाल रंगासाठी हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. रोज रात्री ते चेहऱ्याला चोळून घेणाऱ्या नटांच्या कातडीचं काय होत असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. पुढे जस्ताचा सफेदा आला आणि निदान शिसं तरी गेलं.

त्या दोन कांड्या बर्लिनच्या लाइख्नरच्या होत्या. लुडविग लाइख्नर हा ऑपेराचा गायक. त्यानं 1873 साली रंगमंचाच्या रंगांचा कारखाना काढला आणि शिसं नसलेला, चरबीत घोटलेला रंग कांडीच्या रूपात विकायला आणला. कांड्यांना नंबर होते. इंग्रज नट दोनच नंबर मिसळून बेस लावत: 5 आणि 9. पाच म्हणजे हस्तिदंती, नऊ म्हणजे विटकरी. गोऱ्या माणसाचा निरोगी चेहरा त्या दोनांतून होतो, पण आपला होत नाही. आपल्या रंगभूषाकारांनी त्यात पिवडी घातली. बाबांच्या गुरूंच्या नवाच्या कांडीला शेवटपर्यंत पिवळा डाग होता, पिवडीच्या बोटांनी धरल्याचा. परदेशातून आलेला महाग रंग आणि त्यात आपल्या हातानं घातलेला पिवळा, ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी गोष्ट असावी असं मला वाटतं.

बाबा स्त्री-पार्टीच्या नटांबद्दल फार आदरानं बोलत. बालगंधर्वांचा उमेदीचा काळ त्यांनी पाहिलेला नव्हता, पण त्या काळच्या रंगपटातल्या गोष्टी त्यांनी गुरूंकडून ऐकल्या होत्या. दाढी कितीही गुळगुळीत केली तरी हनुवटीवर निळसर-हिरवी झाक राहते. नुसता अंगाचा रंग लावला तर ती खालून डोकावते आणि चेहरा राखेसारखा दिसतो. म्हणून आधी तिथं गेरूचा पातळ हात, मग वरून बेस. आज हेच ‘ऑरेंज करेक्टर’ नावानं लिपस्टिकएवढ्या कांडीत मिळतं, आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी मी ते रोज वापरते. 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात बायकांनी बायकांची कामं केली, घरातल्यासारखं नाटक रंगमंचावर आलं, आणि विजेच्या उजेडात बेस पातळ होत गेला.

सिनेमानं रंगाची परीक्षा आणखी कडक केली. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे येत, तांबूस गाल मळकट. म्हणजे आरशात बरोबर दिसणारा चेहरा फिल्मवर चुकीचा. मॅक्स फॅक्टरनं 1914 साली सिनेमासाठी पातळ ग्रीसपेंट केलं. मग टेक्निकलर आलं. त्या प्रखर दिव्यांत तेलकट बेस चकाकायला लागला, म्हणून त्यानं ओल्या स्पंजनं लावायची कोरडी वडी काढली, तिचं नाव पॅनकेक. नट्या ती सेटवरून घरी नेऊ लागल्या, आणि 1938 साली ती दुकानात विकायला आली. रंगमंचाचा रंग साध्या बाईच्या पर्समध्ये शिरला तो असा. आपल्याकडे परळच्या राजकमल स्टुडिओत शांतारामबापूंनी 1955 साली ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये केला. रंगभूषाकार बाबा वर्दम यांच्याकडे शिकलेले पंढरी जुकर यांचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जाई. जुकर 2020 साली गेले तेव्हा माझे बाबा नव्हते. मीच पेटी उघडून बसले होते.

पन्नासच्या दशकातच सामान्य बाईसाठीही काहीतरी घडत होतं. परदेशी सौंदर्यप्रसाधनांवर देशाचं परकीय चलन खर्च होऊ नये म्हणून 1952 साली टाटांनी लॅक्मे काढली. लक्ष्मीच्याच नावाचा तो फ्रेंच उच्चार. सिमोन टाटांनी ती वाढवली. माझ्या आईच्या आयुष्यात पावडर आणि स्नो यापलीकडे गेलेली पहिली वस्तू म्हणजे लॅक्मेची एक छोटी बाटली. ती तिनं चार वर्षं पुरवली. पण त्या काळी दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून शेड देत नसे. असेल ती शेड देई, आणि बायका आहे त्या रंगावर समाधान मानत. ‘उजळ’ हाच एक रंग आहे, असं आम्हाला सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं. 2017 साली फेंटी ब्यूटीनं एकदम 40 शेड बाजारात आणल्या, तेव्हा जगभरच्या सावळ्या बायकांना जे वाटलं, ते मला पूर्ण समजलं.

माझं स्वतःचं शिक्षण मात्र रंगपटात झालं नाही. मुलीला तिथं जागा नव्हती. काशीमिरा, घोडबंदरच्या पट्ट्यात मालिकांचे सेट उभे राहिले तेव्हा मी मीरा रोडच्या एका पार्लरमध्ये काम करत होते. सेटवर मला घेतलं ते केसांसाठी. धंद्याचा नियमच तसा होता: मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी केशभूषा. बाबांची पेटी घरात असून मला ब्रश हातात धरायची परवानगी नव्हती. एकदा एका नटीच्या कपाळावरचा घाम मी टिपला आणि बेस सारखा केला, तर मला सेटवरून काढून टाकलं. तेव्हापासून मी नवऱ्या सजवायला लागले. चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 10 नोव्हेंबर 2014 रोजी ती बंदी बेकायदा ठरवली. ती बातमी मी बाबांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचली. सेटवर अजूनही हाक येते ती ‘मेकअपदादा’ अशीच. बाईसाठी शब्द तयार व्हायला वेळ लागेल.

आता त्या बाटलीकडे. रंग तेच चार, तर मग पैसे कशाचे? हे खोक्यावर वाचून कळत नाही, चेहऱ्यावर लावूनच कळतं. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी डाव्या गालावर नवरीची बाटली लावली, उजव्या गालावर पावणेपाचशेची. सकाळी सात वाजता. अर्ध्या तासानं उजवी बाजू गडद झाली. याला आम्ही रंग ‘उतरला’ म्हणतो. पातळ द्रव उडून जातो, त्वचेचं तेल रंगात मुरतं आणि शेड बदलते. डावी बदलली नाही. मग भाईंदरहून लोकलनं दादर, तिथं गजरे आणि पिनांची खरेदी, दुपारी दोनला परत. बायकांच्या डब्यात उभ्यानं. त्या गर्दीपुढे कुठलीही प्रयोगशाळा फिकी. घरी येऊन टिश्यूनं टिपलं. उजव्या नाकपुडीशी बेस फाटला होता, ओठांवरच्या घामानं तिथं चट्टा पडला होता. डावीकडे नाकाशी किंचित चमक होती, बाकी जसंच्या तसं. पैसे होते ते याचे: रंगाचा कण किती बारीक दळलाय, त्यावर सिलिकोनचा पातळ थर चढवलाय का, घाम आला तरी तो थर चेहऱ्यावर टिकतो का. बाबा खलात तासभर पिवडी घोटत, ते याच बारीक कणासाठी.

मात्र फोनचा फ्लॅश मारून फोटो काढला तेव्हा डावा गाल पांढरट आला. उजळ शेड, तिच्यात पांढऱ्याचं प्रमाण जास्त. संध्याकाळी मी भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या बाजूला गेले. तिथं उजेड खालूनही येतो, मिठावरून आणि पाण्यावरून, आणि चेहऱ्यावरची एकही चूक लपत नाही. तिथं दोन्ही बाजू चुकीच्या होत्या: उजवी विटकरी, डावी गुलाबी. पिवळा कुणातच पुरेसा नव्हता. पाच आणि नऊ नंबरची ती जुनी गोष्ट अजून संपली नव्हती.

घरी येऊन हिशेब मांडला. नवरीचा चेहरा, मान, कान मिळून दीड मिली लागतं. 30 मिलीत वीस नवऱ्या, म्हणजे एका नवरीमागे पावणेतीनशे रुपये. पहाटे पाचपासून रात्रीच्या वरातीपर्यंत, होमाच्या धुरात, रडताना, टिकणाऱ्या रंगासाठी हे पैसे योग्य आहेत. मी योग्य शेडची एक बाटली माझ्या पैशांनी घ्यायचं ठरवलं. पण माझी भाची रोज 8 च्या लोकलनं चर्चगेटला जाते, तिनं विचारलं तेव्हा मी नको म्हणाले. तिला आठ तास कुणी कॅमेऱ्यासमोर बसवत नाही. तिनं स्वस्त बाटली घ्यावी आणि शेड बरोबर निवडावी.

शेड निवडायला नवरीला घेऊन मी दुकानात गेले. विक्रेती मनगटावर लावायला निघाली, मी थांबवलं. बाबा म्हणत, मनगटाला कोण बघतं, मान बघ. जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढले, तिला बाहेर रस्त्यावर आणलं आणि वीस मिनिटं चहा प्यायलो. दोन पट्टे दिसत राहिले, तिसरा दिसेनासा झाला. तोच घेतला.

उत्तनची हळद म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. रात्रभर नाच, आणि सगळ्यांच्या हातची हळद नवरीला. लग्नाच्या पहाटे तिची मान, कानांमागची जागा, हात, सगळं पिवळं होतं. आदल्या महिन्यात जुळवलेली शेड अशा वेळी कधीच जुळत नाही, म्हणून हळदीनंतरच्या चेहऱ्यासाठी मी पिवळ्या मिक्सरची कुपी जवळ ठेवते. तळहातावर दीड मिली घेतलं, पिवळ्याचे दोन थेंब टाकले, मानेशी लावून पाहिलं, आणखी अर्धा थेंब. मग जमलं. तिची आई मागून म्हणाली, ‘ताई, जरा उजळ करा ना.’ मी तिला खिडकीशी बोलावलं, मुलीचा चेहरा आणि मान एकत्र दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि काही बोलली नाही.

मग भावाची ती बाटली काढली. दोन शेड उजळ रंग डोळ्यांखाली, नाकाच्या दांड्यावर आणि हनुवटीच्या मध्यावर अगदी पातळ लावला, कडा बोटानं मिटवल्या. चेहरा उठून आला. एवढ्यात भाऊ दारात आला, फेटा अजून नीट बांधलेला नव्हता. बहिणीकडे बघून त्यानं मला विचारलं, ‘मावशी, मी आणलेलीच लावली ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तुझीच.’