बांगलादेशातील मुलींचे विद्यावेतन : एका अटीचा इतिहास

बांगलादेशातील मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास सांगताना १९९४ हे वर्ष आरंभ म्हणून धरण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षी माध्यमिक शाळांतील मुलींच्या विद्यावेतनाची योजना महानगरे वगळून देशभर लागू झाली. जागतिक बँक, आशियाई विकास बँक व नॉर्वे सरकारची साहाय्यसंस्था यांनी काही उपजिल्ह्यांचा भार उचलला. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक उपजिल्ह्यांचा खर्च बांगलादेश सरकारने स्वतःकडे घेतला. ही गोष्ट परकीय साहाय्याच्या वृत्तान्तांत फारशी ठळकपणे येत नाही.

वस्तुतः योजनेचा उगम बारा वर्षे मागे जातो. १९८२ साली शाहरास्ती या एका उपजिल्ह्यात एका देशी शिक्षणसंस्थेने मुलींना विद्यावेतन देण्याचा प्रयोग आरंभिला. त्यास अमेरिकन सरकारचे द्रव्य एशिया फाउंडेशनमार्फत मिळाले. या द्रव्यामागील हेतू मात्र केवळ शिक्षणाचा नव्हता. १९७०-८० च्या दशकात बांगलादेशाकडे पाहणाऱ्या दात्यांच्या मनात लोकसंख्येची चिंता सर्वांत वर होती. मुलगी शाळेत राहिली की तिचे लग्न लांबते, लग्न लांबले की अपत्ये कमी होतात, असा हा हिशोब होता. स्त्रीपुरुष-समतेची भाषा पुढे आली ती बरीच नंतर, मुख्यतः १९९० ची जोमतिएनची शिक्षणपरिषद आणि १९९५ ची बीजिंगची महिला-परिषद यांच्या काळात. योजनेची शब्दकळा बदलली. तिच्या अटी मात्र जुन्या हेतूची खूण बाळगून राहिल्या.

या अटी तीन होत्या. मुलीची उपस्थिती शेकडा ७५ असावी, वार्षिक परीक्षेत तिला शेकडा ४५ गुण मिळावेत, आणि शालान्त परीक्षेपर्यंत तिने अविवाहित राहावे. रक्कम सहावीत दरमहा २५ टाका, ती वाढत दहावीत ६०. एवढ्या पैशांत शिक्षणाचा सर्व खर्च भागत नसे. परंतु ही रक्कम बापाच्या हाती न देता मुलीच्या स्वतःच्या नावे उघडलेल्या बँकखात्यात जमा होई. ज्या घरातील स्त्रियांनी बँकेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, त्या घरातील अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे खाते निघावे, ही घटना रकमेच्या मानाने पुष्कळच मोठी म्हटली पाहिजे.

योजनेचे दुसरे अंग शाळांशी निगडित होते. तेथील बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी व्यवस्थापनाच्या व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आहेत. मुलीची फी योजनेतून थेट शाळेस मिळू लागताच मुलींची पटसंख्या हे शाळेच्या उत्पन्नाचे साधन बनले. मुख्याध्यापकांना मुली हव्याशा वाटू लागल्या. याचा सर्वांत लक्षणीय परिणाम मान्यताप्राप्त आलिया मदरशांत दिसून आला. पूर्वी जवळजवळ केवळ मुलांसाठी असलेल्या या संस्थांनी मुलींना मोठ्या संख्येने प्रवेश दिला. धर्मशिक्षणाच्या संस्था स्त्रीशिक्षणाच्या आड येतील अशी जी समजूत होती, ती येथे एका साध्या आर्थिक तरतुदीने बरीचशी लटकी ठरविली. तथापि बंगाली मुसलमान समाजात मुलींच्या शिक्षणाची आच परकीय द्रव्याने निर्माण केली असे कोणी म्हणू नये. बेगम रोकेया सखावत हुसेन यांनी १९११ साली कलकत्त्यात अवघ्या आठ मुलींवर आपली शाळा सुरू केली, त्या वेळी अशा योजनांचे नावही नव्हते.

आकडे डोळ्यांत भरण्याजोगे आहेत. माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या १९९१ साली सुमारे ११ लक्ष होती. २००५ मध्ये ती सुमारे ३९ लक्ष झाली, आणि मुली मुलांच्या पुढे गेल्या. या वाढीचे सर्व श्रेय विद्यावेतनाला देता येत नाही. १९९० च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यामुळे सहावीच्या दारात येणाऱ्या मुलीच वाढल्या होत्या, आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांनी शिकलेल्या मुलीस मजुरीची एक वाट दाखविली होती. मूळ हेतूविषयी तर अधिकच सावधपणे बोलावे लागते. जननमान १९७५ च्या सुमारास दर स्त्रीमागे ६ हून अधिक होते. १९९३-९४ च्या पाहणीत ते ३.४ वर आलेले आढळते. म्हणजे देशव्यापी योजनेचा पहिला हप्ता वाटला जाण्यापूर्वीच उताराचा मोठा भाग होऊन गेला होता.

गुणांची अट शिथिलपणेच पाळली गेली. मुलगी गळाली की शाळेचेही उत्पन्न बुडणार, तेव्हा शिक्षकाने हात सैल सोडावा हे स्वाभाविकच होते. पट वाढला त्या प्रमाणात विद्या वाढली नाही, ही तक्रार त्यामुळे योजनेच्या हितचिंतकांनीही केली. शिवाय गरीब मुलगे मागे पडत असल्याचे दिसून आल्यावर पुढील काळात विद्यावेतन त्यांनाही देण्यात येऊ लागले.

परंतु खरा प्रश्न तिसऱ्या अटीचा आहे. लग्न ठरविणार आईबाप. विद्यावेतन बंद होणार मुलीचे. तिच्या संमतीवाचून झालेल्या निर्णयाचा दंड तिनेच भरावयाचा, आणि तोही शाळेशी असलेला अखेरचा धागा तुटू पाहत असता. मुलीला हक्काची धनी न मानता विवाहाचे वय लांबविण्याचे साधन मानले की नियम असा होतो. बापाच्या हिशोबात या अटीने भर घातली हे खरे. पण हुंड्याचा आकडा मुलीच्या वयाबरोबर वाढत असेल तेथे महिन्याचे ६० टाका किती काळ तग धरणार? २०२२ च्या आरोग्यपाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे नोंदले गेले. तत्पूर्वी २०१७ साली झालेल्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याने अठराची मर्यादा कायम ठेविली, आणि त्याच कायद्यात 'विशेष परिस्थिती'त न्यायालयाच्या आज्ञेने व पालकांच्या संमतीने त्याहून लहान मुलीच्या विवाहास वाट मोकळी ठेविली. तेथेही संमती पालकांचीच धरली आहे.