टेस्ला कॉइल : झटका न देणारी वीज सुरक्षित असते का?

निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये आपली कॉइल तयार केली. त्याच सुमारास पॅरिसचे डॉक्टर आर्सेन दार्सोंव्हाल यांना आढळले, की विजेची दिशा सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा बदलली, तर स्नायू आखडत नाहीत. ऊब तेवढी जाणवते. त्यातून विजेचा शेक देणारी उपकरणे आली. १९२६ मध्ये बोस्टनला डॉ. हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांच्या यंत्राने, डोक्याची गाठ काढताना रक्तस्राव रोखला. आजची शस्त्रक्रियेतील ‘कॉटरी’ त्याच तत्त्वावर चालते.

म्हणजे ही वीज झटका देत नसली, तरी भाजते; आतल्या पेशीही जळू शकतात.

घरगुती कॉइलमध्ये खरा जीवघेणा भाग वेगळाच असतो. स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरतात. त्यातून सुमारे २००० व्होल्टची, ५० हर्ट्झचीच वीज येते. ती हृदयाची लय क्षणात बिघडवते. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

मुलांना हौस असेल, तर बॅटरीवर चालणारे छोटे किट घ्या. ते कमी खर्चाचे असते. तरी ठिणगीला हात लावू देऊ नका. पेसमेकर असलेल्यांनी दूरच राहावे.