धूमकेतूचे अंतरंग आणि क्ष-किरण

रुग्णालयात छातीचे चित्र काढतात तेव्हा क्ष-किरण बाहेरून सोडलेले असतात आणि ते देहातून आरपार जातात. अंतराळातील क्ष-किरण दुर्बिणींनी धूमकेतूंच्या अंतरंगाचा शोध चालला आहे, असे वाचनात आले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हेच दृश्य उभे राहते. वस्तुतः प्रकार निराळा आहे.

धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा मळकट गोळा, ही कल्पना फ्रेड व्हिपल यांनी १९५० साली मांडली. पुढच्याच वर्षी लुडविग बीअरमान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने, धूमकेतूंच्या वायुमय शेपटांचे वर्तन केवळ प्रकाशाच्या दाबाने उलगडत नाही, यावरून सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे, असे अनुमान काढले. हाच पुढे सौरवात म्हणून प्रसिद्धीस आला. ह्या दोन गोष्टींची गाठ क्ष-किरणांच्या बाबतीत पडावयास पंचेचाळीस वर्षे लागली.

क्ष-किरण हे बहुधा लक्षावधी अंश तापलेल्या द्रव्याचे लक्षण. बर्फाच्या गोळ्याकडून त्यांची अपेक्षा कोण करणार? आइन्स्टाइन वेधशाळेने ब्रॅडफील्ड धूमकेतूचा वेध घेतला, तो व्यर्थ गेला. मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरांवर आला, तेव्हा कॅरी लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोझाट उपग्रहाची दुर्बीण तिकडे वळविली. सूर्याकडील बाजूस चंद्रकोरीसारखी आकृती उमटली, आणि तीही अपेक्षेच्या सुमारे शंभरपट तेजस्वी! मग रोझाटच्याच १९९०-९१ च्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या, तो त्यांतही धूमकेतू निघाले. दप्तरात बांधून ठेवलेल्या कागदांत हवे ते उत्तर कित्येक वर्षे पडून असते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसावा.

१९९७ साली टॉमस क्रेव्हन्स यांनी ह्याचा उलगडा सुचविला. सौरवातातील प्राणवायू, कार्बन इत्यादींच्या अणूंचे बहुतेक इलेक्ट्रॉन गळून गेलेले असतात. धूमकेतूच्या वायूशी गाठ पडताच ते त्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतात, आणि ह्या देवघेवीत शिल्लक उरलेली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. जुलै २००० मध्ये चंद्रा दुर्बिणीने लिनियर धूमकेतूच्या किरणांत प्राणवायू व नत्रवायू यांच्या खुणा स्पष्ट टिपल्या आणि ह्या उपपत्तीस बळकटी आली. ही दुर्बीण ज्यांच्या नावाची, ते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९१० साली लाहोरास जन्मले. तमिळ घराण्यातले वडील रेल्वेच्या हिशेबतपासणी खात्यातील अधिकारी म्हणून तेथे नेमलेले होते. बदलीच्या गावी ज्यांची मुले जन्मली, त्यांस ही हकीगत विशेष आपलीशी वाटेल.

तेव्हा हे किरण गाभ्यातून येत नाहीत. ते भोवतालच्या वायूच्या आवरणात उपजतात. आतले द्रव्य बाहेर पडेल तेव्हाच त्यांना आतली काही वार्ता सांगता येते. लिनियर धूमकेतू चंद्राच्या वेधानंतर काही दिवसांतच आपोआप भंगला. ४ जुलै २००५ रोजी मात्र मनुष्याने मुद्दाम प्रहार केला: डीप इम्पॅक्ट यानाने सुमारे ३७० किलोग्रॅमांचा ठोकळा टेम्पल-१ वर सेकंदास दहा किलोमीटरांच्या वेगाने आदळविला. स्विफ्ट उपग्रहाने पुढील कित्येक दिवस क्ष-किरणांचा चढउतार मोजला आणि त्यावरून उसळलेल्या पाण्याचा अंदाज बांधण्यात आला. परंतु सौरवाताचा जोरही रोज बदलत असतो; वाढीतला कोणता वाटा प्रहाराचा आणि कोणता वाऱ्याचा, हे ठरविणे सोपे नव्हते. आमच्या मते ह्या पद्धतीचे खरे मोल गाभ्यापेक्षा वाऱ्याच्या अभ्यासातच अधिक आहे.

आरपार जाण्याचे काम अखेर रेडिओलहरींनी केले. नोव्हेंबर २०१४ मध्ये चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानामधून आणि वरून फिरणाऱ्या रोझेटामधून त्या एका लहान भागातून पाठविल्या गेल्या, आणि त्या भागाचे तीनचतुर्थांशाहून अधिक आकारमान पोकळ असल्याचे आढळून आले.