सांबरशिंगाचा धनी

जुन्या घरांतून सहाणेशेजारीं सांबरशिंगाचा एखादा तुकडा ठेवलेला असे. मुलाची छाती भरली किंवा कोणाच्या बरगडींत चमक निघाली, कीं तें उगाळून कोमट लेप द्यावयाचा, हा नित्याचा उपचार होता. तें शिंग कोणत्या रानांतून आलें आणि त्याचा धनी कोण, हा प्रश्न मात्र आजीबाईंस कधीं पडत नसे.

हें शिंग मिळविण्यास जनावर मारावेंच लागतें असें नाहीं. गव्याचें शिंग जन्मभर टिकतें. सांबर, चितळ व भेकर यांच्या नरांचीं शिंगें गळतात आणि पुन्हां उगवतात. मध्य हिंदुस्थानांत सांबराचीं शिंगें बहुधा मार्च-एप्रिलांत पडतात. नवीं शिंगें पावसाळ्यांत मखमली कातडीखालीं वाढून हिंवाळ्याच्या तोंडीं कठीण होतात. गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांध व नागझिरा येथील रानांत मोहफुलें वेचण्याचे दिवसहि हेच. पहाटे टोपली घेऊन गेलेल्या माणसास पाचोळ्यांत शिंग दिसावें, ह्यांत नवल नाहीं.

परंतु दिसलेलें शिंग वेचणाऱ्याचें होत नसे. इंग्रजी अमलांत सरकारी रानांची आंखणी झाली आणि तेथील प्रत्येक वस्तूला धनी ठरला. १९२७ च्या वनकायद्यानें लाख व मोहफुलें यांच्याबरोबर रानांतील शिंगें व हाडें यांचीहि गणना वनोपजांत केली. वनोपज म्हटलें कीं परवाना आला व शुल्क आलें. गिऱ्हाईक तर सातासमुद्रांपलीकडचें! सांबराचें शिंग आंतून भरीव असल्यामुळें शेफील्ड येथील कारागीर चाकूंच्या मुठींसाठीं तें पसंत करीत.

पुढें काळ पालटला. नागझिरा १९७० मध्यें अभयारण्य झालें, नवेगांव १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें अशा ठिकाणाहून परवानगीवांचून कांहींहि उचलणें गुन्हा ठरला. शतकाच्या अखेरीस शिंगांची निर्यातहि थांबली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मोह, तेंदूपान व मध यांवरील मालकी रानांतील रहिवाशांस दिली. शिंगांवरील दिली नाहीं.

आपोआप गळलेलें शिंग उचलल्यानें कोणता जीव दुखावतो, असें वेचणाऱ्यानें विचारिलें, तर तो प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. गळलेल्या शिंगाचें बूड वाटोळें व खडबडीत असतें, मारलेल्या सांबराच्या शिंगास कवटीचें हाड चिकटलेलें असतें. पण एकदां तुकडे केले, म्हणजे हा भेद पुसून जातो आणि शिकाऱ्याचा माल वेचलेल्या मालांत सहज मिसळतो. प्रामाणिक माणसाची मिळकत गेली ती ह्या लबाडीपायीं, हें कबूल केलें पाहिजे.

शिवाय ह्या वस्तूस रानांत आणखी एक हक्कदार आहे. शिंग म्हणजे हाडच. त्यांत चुना व स्फुरद भरपूर. साळिंदर तें रात्रीं कुरतडतें, हरणेंहि चघळतात, आणि उरलेलें मातींत मिळतें. पाचोळ्यांत अर्धवट झिजलेलें शिंग आढळलें, तर त्यावर साळिंदराच्या दातांचे चर ओळीनें उमटलेले दिसतात. सहाणेवर झिजण्यापूर्वीं तें असेंच झिजत आलें आहे.