एकतर्फी हुकूम आणि सत्यकथनाचे कर्तव्य

दोन्ही पक्षांचे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हा न्यायाचा पहिला धडा होय. वर्गातला तंटा मिटविणारा शिक्षकही तो पाळतो. परंतु चोरास आगाऊ वर्दी दिली तर मुद्देमाल जागेवर राहत नाही, हाही जगाचा अनुभव आहे. संशयित मिळकत गोठविणाऱ्या हुकुमांचा इतिहास म्हणजे या दोन सत्यांमधील ओढाताणीचा इतिहास होय.

इंग्लंडात अशा हुकुमांचा पाया दिवाणी दाव्यांत घातला गेला. ‘मारेव्हा’ नावाचे जहाज भाड्याने घेणाऱ्या एका कंपनीने ते पुढे भारत सरकारला दिले. भारताच्या वतीने १,७४,००० पौंड लंडनमधील बँकेत भरले गेले. कंपनीने मात्र मूळ मालकांचे भाडे थकविले. पैसा देशाबाहेर जाईल या भीतीने मालक न्यायालयात आले, आणि जून १९७५ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने, प्रतिपक्षाच्या गैरहजेरीतच, तो हलविण्यावरील मनाई कायम ठेवली.

फौजदारी कायदा मात्र मागे होता. वेल्समधील एल.एस.डी.च्या प्रचंड व्यापारावर १९७७ साली पोलिसांनी धाड घातली. आरोपींना दीर्घ शिक्षा झाल्या. परंतु त्यांची सुमारे साडेसात लाख पौंडांची कमाई जप्त करण्यास कायद्यात आधार नाही, असे १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सला खेदपूर्वक सांगावे लागले. या धक्क्यातून १९८६ चा अमली पदार्थविषयक कायदा आला आणि दोषसिद्धीपूर्वीच मिळकत गोठविता येऊ लागली. २००२ च्या कायद्याने तर तपास सुरू होताच ही सोय केली. आपल्याकडे सार्वजनिक पैशाच्या अपहारासारख्या गुन्ह्यांत तात्पुरत्या जप्तीचा अधिकार १९४४ च्या वटहुकुमानेच जिल्हा न्यायाधीशास दिला होता.

ज्याचे ऐकलेच नाही त्याचे रक्षण कोणी करावे? याचे उत्तर १९१७ च्या एका इंग्रजी निकालात आहे. प्रिन्सेस द पोलिन्याक यांनी प्राप्तिकराविरुद्ध एकतर्फी दाद मागताना महत्त्वाच्या गोष्टी दडविल्या. न्यायालयाने गुणदोषांत न शिरताच अर्ज फेटाळला. जो एकटा बोलतो त्याने स्वतःविरुद्ध जाणारेही सांगितले पाहिजे, हा नियम तेथे दृढ झाला.

हाच नियम सरकारी अभियोक्त्यास लावताना मात्र न्यायालयांना पेच पडला. खाजगी पक्षकार लपवाछपवी करील तर हुकूम गमावतो. पण अभियोक्त्याच्या चुकीपायी गुन्ह्याचा पैसा मोकळा सुटावा काय? जेनिंग्ज खटल्यात २००५ साली न्यायालयाने म्हटले की, लोकहितास्तव अशा वेळी हुकूम सहसा रद्द होऊ नये. २०१० साली स्टॅनफर्ड बँकेच्या प्रकरणात न्यायाधीशांनी सरकारी यंत्रणेस तिच्या उणिवांबद्दल खडसावले आणि बजावले की, आरोपीचा वकील येथे असता तर काय म्हणाला असता, याचा विचार अभियोक्त्याने करावा व तेच न्यायाधीशापुढे मांडावे.

यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याची शक्ती सर्वांत मोठी, त्याच्याच मौनाला शिक्षा सर्वांत सौम्य. गोठविलेल्या खात्याचा धनी पुढे निर्दोष ठरला, तरी दरम्यान बुडालेला धंदा आणि गेलेली पत कोणताही निकाल सहजी परत आणीत नाही. म्हणून रिकाम्या खुर्चीच्या वतीने बोलणे हे अभियोक्त्याचे सौजन्य नव्हे. त्या हुकुमाची ती किंमत आहे.