मावळचं पाणी, मुंबईची रात्र

रात्रीच्या मुंबईचा फोटो आपण सगळ्यांनी कुठल्या तरी कॅलेंडरवर पाहिलेला असतो. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून खाली पाहिलं की मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची वळणदार माळ दिसते. लोक तिला राणीचा हार म्हणतात. हा फोटो एकदा मावळातल्या सुदुंबऱ्यात बसून पाहावा, असं मी मित्रांना सांगतो. ते हसतात.

सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांचं समाधिस्थान. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी व्यवसायाने तेली. त्यांच्या काळात रात्रीचा उजेड घाण्यातून यायचा. पणतीच्या उजेडात पोथीचं एखादं पान दिसे, समोरच्याचा चेहरा दिसे. अख्खं गाव रात्री दिसावं, ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे आले. पण शहराची रात्र खरी बदलली ती विजेने, आणि ती वीज मावळच्या पावसाची होती. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधून घाटमाथ्यावरचं पाणी पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, खोपोलीला उतरवलं. १९१५ साली ही वीज मुंबईला पोहोचली. इंद्रायणीच्या उगमाकडचं जे पाणी देहू-आळंदीकडे जायचं, त्यातलं काही पश्चिमेला वळलं. पहिली मोठी गिऱ्हाइकं होती कापडगिरण्या.

१९२२ साली आंध्रा खोऱ्यातल्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. मुळशीत मात्र शेतकरी अडून बसले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. मावळे, त्यांच्या बायका, पोरं धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीनेक वर्षांत लढा मोडला. भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली आणि १९२७ साली भिऱ्याहून वीज निघाली. त्या गावांत तेव्हाही तेलाचेच दिवे होते.

आता फोटोकडे वळू. रात्रीच्या शहराचे चांगले फोटो मध्यरात्री काढलेले नसतात. जाणकार छायाचित्रकार सूर्य बुडाल्यानंतरची थोडकी मिनिटं पकडतो. दिवे लागलेले असतात आणि आभाळात निळा उजेड शिल्लक असतो, म्हणून इमारतींच्या कडा सुट्या दिसतात. उशीर झाला की काळ्या कागदावर नुसते ठिपके. आपल्याकडे या वेळेला दिवेलागण हा किती नेमका शब्द आहे! आमच्या घरात ती मगरिबची वेळ. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून झडप काही सेकंद उघडी ठेवायची. मग धावत्या मोटारींच्या रेघा होतात आणि माणसं मात्र पुसली जातात. जुन्या पोस्टकार्डांवरच्या कित्येक ‘रात्री’ तर दिवसा काढलेले फोटो रंगवून केलेल्या असत.

२०१५ साली मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी दिवे लागले तेव्हा मुंबईकर खवळले. पुढे पिवळसर उजेड परत आणावा लागला. रंगावरून एवढा गहजब झाला याचं मला कौतुकच वाटलं. उजेड येतो कुठून, हे मात्र त्या चर्चेत फारसं आलं नाही.

लोअर परळचे उंच मनोरे आज त्या फोटोंत मिरवतात. त्यांतले कित्येक गिरण्यांच्या जमिनींवर उभे आहेत. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथून मात्र वीज निघतेच आहे. मुंबईच्या आजच्या भुकेपुढे तिचा वाटा लहान आहे. पण पाण्यावरची वीज चटकन सुरू करता येते, म्हणून मागणी चढते तेव्हा ती कामी येते. संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, मरीन ड्राइव्हवर कॅमेरे लागलेले असतात तेव्हाही.