दप्तराची गाठ : लिनक्स संगणकावरील संपीडित धारिका आणि मराठी नावे

प्रास्ताविक

पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दप्तर कापडी रुमालांत बांधून ठेवण्यात आले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या कामाचा आरंभही प्रत्येक वेळी रुमालाची गाठ सोडण्यापासूनच झाला असणार. संगणकावर अनेक धारिकांचा एकच गठ्ठा करून तो दाबून लहान करणे आणि पुढे दुसऱ्याने तो उलगडणे, ही क्रिया त्याच जातीची आहे. गठ्ठा उलगडेल की नाही हे बांधणाऱ्याने दोन गोष्टी केल्या की नाहीत यावर ठरते. एक, बांधण्याची पद्धत त्याने उघड ठेवली का. आणि दोन, आतील कागदांच्या नावांना पुरेशी जागा दिली का. लिनक्सच्या परंपरेत पहिली गोष्ट लवकर साधली. दुसरी गोष्ट, निदान देवनागरीपुरती, साधण्यास बराच काळ गेला. प्रस्तुत निबंधात त्या विलंबाचा मागोवा घेतला आहे.

बांधणे वेगळे, दाबणे वेगळे

युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत 'टार' हा कार्यक्रम आला. त्याचे नावच चुंबकीय फितीवरील संग्रह या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून घेतलेले आहे. टार धारिका दाबत नाही, एकामागे एक रचते. प्रत्येक धारिकेपूर्वी ५१२ बाइटचे शीर्षक असते व त्यात नाव, आकार, दिनांक इत्यादी नोंदी असतात. संपूर्ण गठ्ठ्याची एकत्र सूची कोठेही नसते. दाबण्याचे काम 'जीझिप'सारखा दुसरा कार्यक्रम करतो. याउलट फिल कॅट्झ यांच्या १९८९ मधील 'झिप' पद्धतीत दोन्ही कामे एकत्र आहेत आणि सूची गठ्ठ्याच्या शेवटी असते.

हा भेद केवळ तांत्रिक वाटेल. पण कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुरबाडसारख्या गावाचा विचार केला की त्याचे महत्त्व कळते. दूरध्वनीच्या तारेवरून ५६ किलोबिट प्रतिसेकंद हा मोडेमचा कमाल वेग धरला, तरी दहा मेगाबाइटची धारिका उतरण्यास सुमारे २४ मिनिटे लागतात. दाबून ती एक-तृतीयांश झाली तर आठ. मध्येच तार तुटली तर झिपची शेवटची सूचीच हाती येत नाही आणि नेहमीचा उलगडणारा कार्यक्रम गठ्ठा नाकारतो. टारचा गठ्ठा मात्र जेथवर आला तेथवर उलगडतो. फितीसाठी केलेली रचना अशा रीतीने तुटक्या तारेलाही उपयोगी पडली.

'मजकूर' शब्दाची पूर्वपीठिका

दाबण्याची मूळ कल्पना जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ मध्ये मांडली. पूर्वी येऊन गेलेला अंश पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा, इतका भाग घे' एवढीच खूण ठेवायची. मोडी कागदपत्रांच्या वाचकास हे नवे वाटणार नाही. 'मौजे मजकूर', 'सन मजकूर' लिहिणारा कारकून नेमके हेच करीत असे. गावाचे नाव एकदा आले की पुढे त्याऐवजी 'मजकूर', म्हणजे वर उल्लेखिलेले. (आज याच शब्दाचा अर्थ 'लिहिलेला सारा ऐवज' असा झाला आहे, हा भाषेचा विनोद म्हणावा लागेल.) कारकुनाची खूण फार मागच्या नावाकडे निर्देश करू लागली तर वाचक गोंधळतो, जीझिपही ३२ किलोबाइटपेक्षा मागे पाहत नाही.

देवनागरीला ही पद्धत विशेष मानवते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; त्यांतील पहिला बाइट सर्वत्र एकच आणि दुसरा दोनांपैकी एक असतो. मराठी पाठ्य प्रथम फुगते खरे, परंतु ही पुनरावृत्ती दाबताना बरीचशी नाहीशी होते.

पद्धतीच्या मालकीचा प्रश्न मात्र काही काळ राहिला. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित रीतीवर पेटंट होते आणि युनिक्सचा 'कॉम्प्रेस' हा कार्यक्रम तीच रीत वापरीत असे. म्हणून ज्याँ-लू गाइयी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ मध्ये पेटंटमुक्त जीझिप तयार केला. त्यातील 'डिफ्लेट' रीत मूळची कॅट्झ यांची. तिचे संपूर्ण वर्णन १९९६ मध्ये खुल्या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. वेल्च यांच्या रीतीवरील अमेरिकी पेटंट २००३ मध्ये संपले, तोवर त्याची निकड उरली नव्हती.

नावांची अडचण

टारच्या मूळ शीर्षकात नावासाठी, मार्गासह, १०० बाइट राखलेले होते. रोमन लिपीस ते पुरेसे होते. देवनागरीत तेथे जेमतेम ३३ चिन्हे मावतात, आणि काना-मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे होत. 'ठाणे/मुरबाड/सरळगाव' एवढा मार्ग लिहिताच पन्नास बाइट संपतात. टोकावडे, धसई, म्हसा किंवा शहापूरकडील किन्हवली, डोळखांब अशी गावनिहाय कागदपत्रे मराठी नावांनी लावू पाहणाऱ्याची अर्धी जागा कागदाचे नाव लिहिण्यापूर्वीच जाते. १९८८ च्या पोझिक्स मानकाने मार्गासाठी आणखी १५५ बाइट दिले. २००१ च्या मानकाने मर्यादाच काढली आणि विस्तारित नोंदी यूटीएफ-८ मध्ये ठरविल्या.

तरीही टारची एक बेफिकिरी मराठीच्या पथ्यावर पडली. नाव कोणत्या भाषेतील याची तो चौकशी करीत नाही. बाइट जसेच्या तसे ठेवतो. रेड हॅट लिनक्सच्या २००२ मधील आठव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच तेथील मूळ मांडणी झाली, तेव्हा देवनागरी नावे टारमधून विनासायास जाऊ लागली. झिप मात्र नावे आयबीएमच्या जुन्या वर्णसंचात आहेत असे गृहीत धरी, आणि त्या संचात देवनागरी नव्हतीच. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण झिपच्या विनिर्देशात २००६ मध्ये आली. लिनक्सवरील 'अनझिप'ने तिला २००९ मध्ये आधार दिला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ७ मधील अंगभूत सोय मात्र देवनागरी नावाची धारिका दाबण्यास नकार देई. तोवर मराठी कागदास रोमन नाव देणे ही सवय पक्की झाली होती आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही.

'फाइल रोलर' किंवा 'आर्क' यांसारख्या डेस्कटॉपवरील खिडक्यांत आज माउसच्या एका टिचकीने गठ्ठा उलगडतो. पुष्कळदा आत हीच जुनी साधने राबत असतात. त्या काळातील सीडीवरचा एखादा जुना गठ्ठा आजही निर्धोक सुटतो. परंतु आतील मराठी लेखन विशिष्ट फाँटच्या खासगी संकेतांत असेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा खच पडतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले 'लोहित' फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, त्यामुळे लिनक्सवर युनिकोड मराठी वाचणे सुकर झाले. त्यापूर्वीच्या पाठ्यासाठी मात्र प्रत्येक फाँटचा स्वतंत्र परिवर्तक शोधावा लागतो, आणि रोमन नावाच्या धारिकेत नेमका कोणता फाँट वापरला होता हे ती उघडून पाहिल्याखेरीज कळत नाही.